न लागलेला पिस्टन: एका जुन्या गार्डन ट्रॅक्टरच्या दुरुस्तीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

गार्डन ट्रॅक्टर ही मधली जात आहे. बसून चालवायच्या लॉनमोअरपेक्षा दणकट, शेतातल्या ट्रॅक्टरपुढे पोरगेला. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ मध्ये 'कब कॅडेट' बाजारात आणला, १९६३ मध्ये जॉन डिअरने '११०' आणला आणि मग या वर्गात बऱ्याच कंपन्या उतरल्या. रंग आणि बॉनेट ज्याचे त्याचे, पण आत अनेकदा एकच वस्तू असे: कोहलरचे के मालिकेतले एका सिलिंडरचे इंजिन. त्यामुळे इतक्या वर्षांनंतरही त्याचे सुटे भाग आणि माहिती सापडते. या प्रकरणात ही सोय कामालाही आली आणि अंगाशीही आली.

ट्रॅक्टर माझ्या मावसभावाच्या सासऱ्यांचा. भावाची ओळख नको म्हणून त्याला इथे 'मालक' म्हणतो. यंत्र १९७०च्या आसपासचे. इंजिन के २४१: १० अश्वशक्ती, ३९१ सीसी, बिडाचा ब्लॉक, हवेने थंड होणारे, फ्लॅटहेड. फ्लॅटहेड म्हणजे ज्याचे वाल्व्ह हेडमध्ये नसून सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्येच बसवलेले असतात. हेड म्हणजे वर ठेवलेले नुसते झाकण. सुरू करायला स्टार्टर-जनरेटर, म्हणजे पट्ट्यावर चालणारी एकच मोटर जी आधी इंजिन फिरवते आणि मग बॅटरी भरते.

सासरे गेल्यावर ट्रॅक्टर १७ वर्षे शेडमध्ये उभा राहिला. मालकाच्या बायकोची इच्छा एवढीच होती की तो एकदा चालताना दिसावा. मालकाला मात्र तो नव्यासारखा चमकायला हवा होता. या दोन इच्छा एकच आहेत असे सुरुवातीला आम्हा सगळ्यांनाच वाटले.

अडचण

मला बोलावणे आले तेव्हा निम्मे ठरून गेले होते. मालकाने प्लगच्या भोकाला गेज लावून कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना हवा किती दाबली जाते ते, मोजले होते आणि ते ५५ पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) पुढे जात नव्हते. "शेवटी शेवटी निळा धूर ओकायचा, ओढ राहिली नव्हती" हे घरात सगळ्यांना आठवत होते. कमी कॉम्प्रेशन, निळा धूर, गेलेली ओढ. तिन्ही मिळून कोणीही सांगेल, पिस्टन आणि रिंगा (पिस्टनभोवतीची, सिलिंडरला घट्ट टेकणारी कडी) गेल्या. मालकाने ०.०१० इंच मोठा पिस्टन, रिंगा आणि गॅस्केटचा संच मागवूनही टाकला होता.

बाकीची यादी अशा यंत्राला शोभेल अशीच. प्लगला ठिणगी नाही. टाकीत पेट्रोलचा वार्निशसारखा थर आणि गंज. वायरी उंदरांनी कुरतडलेल्या, टायरना भेगा, गिअरबॉक्सचे तेल दुधाळ, म्हणजे आत पाणी शिरलेले. स्टिअरिंगला इतका ढिलेपणा की चाक वळायला लागेपर्यंत चालवणाऱ्याचा विचार बदलावा. गवतकापणीचा डेक एका बाजूने गंजून चाळण झालेला.

एक गोष्ट चांगली होती. फ्लायव्हील हाताने फिरत होते, म्हणजे इंजिन जाम नव्हते. मालकाने गेज लावण्याआधी प्लगमधून थोडे तेल सोडून दोन दिवस थांबण्याचे शहाणपण दाखवले होते. त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे, कारण पुढे त्याच्या चुका बऱ्याच येणार आहेत. माझ्याही.

पहिले निदान आणि त्यातली गफलत

या इंजिनाच्या कॅमशाफ्टवर (वाल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावर) कॉम्प्रेशन रिलीज नावाची एक छोटी यंत्रणा असते. इंजिन हळू फिरत असताना, म्हणजे स्टार्टरवर, ती एक्झॉस्ट वाल्व्ह किंचित उघडा ठेवते, म्हणजे मोटरला जोर कमी लागतो. वेग मिनिटाला साधारण ६५० फेऱ्यांवर गेला की वजने बाहेर फेकली जातात, यंत्रणा बाजूला होते आणि वाल्व्ह पूर्ण मिटू लागतो. अशा इंजिनाचे कॉम्प्रेशन स्टार्टरवर मोजले तर आकडा कमीच येणार. खरे मोजायचे तर ते १००० फेऱ्यांच्या वर फिरवावे लागते, आणि तेव्हा ११०-१२० पीएसआय मिळाले तर इंजिन ठीक. बंद पडलेले इंजिन १००० फेऱ्यांवर फिरवणार कसे, हा प्रश्न उरतोच. थोडक्यात, ५५ या आकड्यावरून काहीच सिद्ध होत नव्हते.

मग साधी परीक्षा केली. फ्लायव्हील हाताने उलट्या दिशेला झटक्यात फिरवायचे. त्या दिशेने फिरताना रिलीज आड येत नाही, आणि कॉम्प्रेशन बरे असेल तर चाक ताडकन मागे उसळते. आमचे चाक उसळले, पण मरगळल्यासारखे. गळती होती. कुठून, हा प्रश्न होता.

त्या दिवशी मी मालकाच्या बायकोला एक प्रश्न विचारला जो खरे तर पहिल्याच फोनवर विचारायला हवा होता: बंद कधी पडायचा? ती म्हणाली, "सकाळी छान चालायचा. तासाभराने दम लागायचा, बंद पडायचा. बाबा सावलीत लावून ठेवायचे, गार झाला की परत सुरू."

झिजलेल्या रिंगा अशा वागत नाहीत. त्या सकाळीही धूर देतात आणि दुपारीही, आणि सुरू करायला सकाळीच जास्त त्रास देतात. गरम झाल्यावर दम जाणे आणि थंड झाल्यावर परत येणे हे वाल्व्हचे किंवा इग्निशन कॉइलचे लक्षण. घरात सगळ्यांना धूर आठवत होता कारण धूर दिसतो. घड्याळ फक्त तिला आठवत होते.

समोरचे पर्याय

तरीही निर्णय सोपा नव्हता, कारण पिस्टनचा डबा समोर बाकावर होता.

मालकाचे म्हणणे: "दादा, इंजिन उघडायचंच आहे तर एकदाच सगळं करून टाकू. पिस्टन आणलाय तर घालू." हे अगदीच चुकीचे नव्हते. पूर्ण ओव्हरहॉल केले की मनातली शंका जाते. पण त्यासाठी इंजिन उतरवायचे, ब्लॉक बोअर करायला (सिलिंडर आतून कापून मोठा करायला) द्यायचा, कनेक्टिंग रॉड, बेअरिंग, सील सगळे बघायचे. शिवाय बोअर ही परत न येणारी गोष्ट. बिडाच्या ब्लॉकला आयुष्यात मोजक्याच वेळा बोअर करता येते, आणि मूळ मापाचा सिलिंडर विनाकारण मोठा करणे म्हणजे पुढच्या माणसाच्या वाट्याचे धातू आज खरवडून टाकणे.

दुसरा पर्याय फक्त हेड आणि वाल्व्हचे काम. इथे फ्लॅटहेड असल्याचा फायदा: हेड काढले की वाल्व्ह आणि सिलिंडरची भिंत दोन्ही समोर येतात, इंजिन चौकटीतच राहते. चुकलो तरी गमवायचे ते एक गॅस्केट आणि एक दिवस. दुसरे नवे इंजिन बसवण्याचाही विषय निघाला, पण मालकाच्या बायकोने तो एका वाक्यात संपवला: मग तो बाबांचा ट्रॅक्टर कसा?

मी अट घातली की आधी हवा सोडून गळती ऐकायची, मग हेड काढून सिलिंडर मोजायचा, आणि पिस्टनचा डबा मोजमापानंतरच उघडायचा. मालक नाखुशीने तयार झाला.

काम

गळतीची चाचणी अशी: पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचा, दोन्ही वाल्व्ह मिटलेले असतात, मग प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि कान लावायचा. सायलेन्सरमधून फुस्स आले तर एक्झॉस्ट वाल्व्ह, कार्बोरेटरमधून आले तर इनटेक, ब्रीदर (इंजिनाच्या पोटातला दाब बाहेर सोडणारी वाट) किंवा तेलाच्या तोंडातून आले तर रिंगा. एक खबरदारी: पिस्टन जरा जरी टोकापासून हलला तर हवेच्या दाबाने क्रँक गरकन फिरतो. फ्लायव्हीलच्या नटावर पाना ठेवून हवा सोडू नये, पट्टे आधीच काढून ठेवावेत.

आमच्या इंजिनाने सायलेन्सरमधून स्पष्ट फुसकारा टाकला. ब्रीदरकडून अगदी थोडी कुजबुज. इनटेक गप्प. मालक दहा मिनिटे सायलेन्सरपाशी कान लावून बसला होता.

हेड काढायच्या आधी वरचे पत्र्याचे आवरण उतरवले आणि मूळ दुखणे सापडले. फ्लायव्हीलच्या पात्यांतून येणारी हवा या आवरणाखालून सिलिंडरच्या फिन्सवर (उष्णता सोडणाऱ्या पातळ पट्ट्यांवर) जाते. तिथे जुन्या गवताचा दाबून बसलेला थर होता आणि त्यावर उंदराचे घरटे. घरटे १७ वर्षांतले असेल, पण खालचे गवत तेलात भिजून कडक झालेले, म्हणजे ते चालत्या काळातले. इंजिनाला वारा मिळत नव्हता. सर्वांत जास्त तापतो तो एक्झॉस्ट वाल्व्ह. त्याचे सीट, म्हणजे तो मिटताना टेकतो ती कड, हळूहळू खोल गेले, आणि फ्लॅटहेडमध्ये सीट खोल गेले की वाल्व्हची दांडी टॅपेटकडे (तिला खालून ढकलणाऱ्या खुंटाकडे) सरकते आणि मधली फट कमी होत जाते. थंड इंजिनावर एक्झॉस्टची फट ०.०१७ ते ०.०२० इंच असायला हवी. आमची भरली ०.००५. गरम झाल्यावर दांडी लांबते, उरलेली फटही संपते, आणि वाल्व्ह मिटतच नाही. सकाळी छान, तासाभराने बंद. सगळे जुळले.

धुराचा उलगडा त्याच वेळी झाला. वाल्व्हच्या बाजूच्या झाकणातच ब्रीदर असतो, त्यातली पातळ पाती चिखलासारख्या तेलाने चिकटून बसली होती. क्रँककेसमधला (इंजिनाच्या तेल असलेल्या खालच्या भागातला) दाब बाहेर पडायला वाट नसली की तो तेलाला वर ढकलतो आणि धूर निघतो.

सिलिंडरचे मूळ माप ३.२५१ इंच. पिस्टन खाली नेऊन वर, मध्ये आणि खाली, आडवे-उभे दोन्हीकडे मोजले. जास्तीत जास्त झीज दीड हजारांश इंच. वरच्या बाजूला गंजाचा पुसट डाग होता, तो तेल आणि बारीक पॅडने निघाला. पिस्टनचा डबा उघडला नाही.

वाल्व्हचे काम हाताने केले. एक्झॉस्ट वाल्व्ह नवा, इनटेक जुनाच. सीटवर ४५ अंशांचा हातकटर हलका फिरवला, मग पेस्ट लावून राखाडी सलग कडे दिसेपर्यंत घासले. टॅपेट जुळवून एक्झॉस्टला ०.०१८ आणि इनटेकला ०.००९ इंच ठेवले (इनटेकची मर्यादा ०.००८ ते ०.०१०). हेड काचेवर एमरी ठेवून सपाट केले आणि बोल्ट टप्प्याटप्प्याने, आळीपाळीने, शेवटी ३० फूट-पाउंडांपर्यंत आवळले.

ठिणगीचे काम त्यामानाने क्षुल्लक निघाले. पॉइंट्सवर (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या विजेच्या संपर्कांवर) ऑक्साइडचा थर चढला होता. घासून ०.०२० इंच फट ठेवली, कंडेन्सर नवा घातला. टायमिंगसाठी फ्लायव्हीलवर 'एस' आणि 'टी' अशा खुणा असतात. 'एस' म्हणजे टोकाच्या २० अंश आधी. पॉइंट्सला चाचणीचा दिवा जोडून 'एस' खिडकीत येताच तो विझतो का पाहिले. टाकी सायट्रिक ॲसिडने रात्रभर भिजवून, सोड्याने धुऊन, लगेच वाळवली. कार्बोरेटरच्या सुया सीटवर हलक्या टेकवून मुख्य सुई २ फेरे आणि आयडलची सव्वा फेरा उघडली. या सुया जोराने आवळू नयेत, टोकाला चर पडला की ती कधीच नीट जुळत नाही.

गिअरबॉक्स धुऊन तेल बदलले, वायरिंग नवे केले. क्लच आणि ब्रेकच्या धुळीला हवा मारली नाही, ओल्या फडक्याने पुसली. त्या काळच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते. रंगाचेही तसेच. अमेरिकेत ग्राहकांच्या रंगांतील शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, हा रंग त्याआधीचा, म्हणून कोरडे घासकाम बंद आणि जे काही घासायचे ते पाणी लावून.

रंगकाम आणि दोन फजित्या

वाल्व्ह यायला उशीर झाला. त्या रिकाम्या दिवसांत मालकाने रंग सुरू केला. आधी कळस मग पाया. मडगार्ड, आवरण, टाकीचे झाकण, ब्लॉकची बाहेरची बाजू. ब्लॉक रंगवताना आड येतो म्हणून गव्हर्नरचा, म्हणजे इंजिनाचा वेग आपोआप आवरणाऱ्या यंत्रणेचा, बाहेरचा दांडा सैल करून काढला आणि नंतर नजरेने बसवला. मला हे माहीत नव्हते आणि मी विचारलेही नाही.

पहिल्या सुरुवातीला इंजिन तिसऱ्या प्रयत्नात धरले, दोन सेकंद खोकले आणि मग किंचाळायलाच लागले. गव्हर्नर थ्रॉटल ओढून धरतच नव्हता. मालक आनंदाने बघत होता, मी स्विचकडे धावलो. या इंजिनाची कमाल मर्यादा मिनिटाला ३६०० फेऱ्या आहे. अॅल्युमिनियमचा कनेक्टिंग रॉड त्याच्या बराच वर तुटतो आणि तुटला तर ब्लॉकमधून बाहेर येतो. आम्ही वाचलो ते केवळ स्विच चालला म्हणून. नंतर रीतसर केले: दांड्याचा नट सैल, थ्रॉटल पूर्ण उघडा, क्रॉस शाफ्ट (ज्यावर हा दांडा बसतो तो) घड्याळाच्या उलट दिशेने जाईल तितका फिरवून नट आवळला. पाच मिनिटांचे काम.

दुसरी फजिती शांत होती. ट्रॅक्टर छान चालू लागला, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी दम तोडून बंद. थंड झाला की पुन्हा सुरू. मालकाने माझ्याकडे असे पाहिले की मला पिस्टनचा डबा डोळ्यांसमोर दिसला. मीही घाबरलो, कारण लक्षण हुबेहूब जुनेच होते. हेड पुन्हा उघडायच्या बेतात होतो तेवढ्यात पेट्रोल किती उरले ते बघायला टाकीचे झाकण फिरवले आणि 'सुस्स' असा आवाज आला. झाकणातले हवेचे बारीक भोक नव्या रंगाने बुजले होते. टाकीत पोकळी तयार होऊन पेट्रोल खाली उतरतच नव्हते. सुईने भोक मोकळे केले, संपले.

परिणाम

त्यानंतर ट्रॅक्टर दोन हंगामांत चाळीसएक तास चालला. सुरू होताना एक निळा श्वास टाकतो, मग धूर नाही. तेल थोडे खातो, पण दर वेळी काडी बघितली तर भीती नाही. स्टिअरिंग अजून सैल आहे, फक्त आता सवय झाली आहे. बॅटरी सुरुवातीला भरत नव्हती. स्टार्टर-जनरेटर पुन्हा जोडल्यावर त्याला ध्रुवता द्यावी लागते, म्हणजे रेग्युलेटरवर बॅटरी आणि आर्मेचरच्या टोकांमध्ये वायर क्षणभर टेकवायची, आणि ते आम्ही विसरलो होतो.

बॉनेट मात्र मालकाने रंगवले नाही. त्यावर सासऱ्यांनी खिळ्याने कोरलेल्या तेल बदलाच्या तारखा आहेत. बायकोने त्या दाखवल्यावर तो ब्रश खाली ठेवून उठला. आता चकचकीत मडगार्ड आणि फिकुटलेले बॉनेट अशी जोडी दिसते. मला ते आवडते, मालकाला अजून खुपते.

पुन्हा करायचे झाले तर

सगळ्यात आधी चालवणाऱ्याला किंवा पाहणाऱ्याला विचारू: कधी, किती वेळाने, गरम की थंड. गेज त्यानंतर. आवरण पहिल्याच दिवशी काढू. तिथे स्क्रूड्रायव्हरशिवाय काही लागत नव्हते, आणि तरी आम्ही तिथे सगळ्यात शेवटी पोहोचलो.

सुटे भाग मोजमापाआधी मागवणार नाही. भाग हातात आला की तो घालण्याची कारणे आपोआप सुचू लागतात. आम्ही डबा मिटलेला ठेवू शकलो तो बऱ्याच अंशी इंजिन फ्लॅटहेड होते म्हणून. वरून उघडून बघण्याची सोय नसती तर मीही बहुधा "एकदाच सगळं करू" म्हणालो असतो.

रंग इंजिन दहा तास चालल्यावरच. आणि दुसऱ्याने हात लावलेले इंजिन सुरू करण्याआधी गव्हर्नरचा दांडा स्वतः हलवून बघायचा, स्विचवर एक माणूस उभा ठेवायचा. हा दोष मी मालकावर ढकलत नाही. त्याला गव्हर्नर माहीत नव्हता, मला होता.

एका गोष्टीवर आमचे अजून जमलेले नाही. डेक भिंतीला टांगलेला आहे. मालकाला गंजलेल्या बाजूला पत्रा वेल्ड करून तो परत लावायचा आहे. माझे म्हणणे, डेकचा पत्रा उडालेला दगड अडवण्यासाठी असतो, आणि वेल्डच्या शेजारचा जुना पत्रा बोटाने दाबला तर दबतो. शिवाय त्या काळच्या या यंत्रावर सीटवरून उठल्यावर पाती थांबवणारा स्विचही नाही. मी म्हणतो आधी स्विच, मग चांगला डेक मिळाला तर बघू, तोवर ट्रेलर ओढू दे. त्याने पत्रा कापून ठेवला आहे.